सोनाजीबाबांच्या दातांतली फट

औरंगपुऱ्यात दातांच्या दवाखान्यांना काही तोटा नाही. एका जिन्यावर दोन-दोन पाट्या, आणि प्रत्येक पाटीवर एक हसरी बाई. त्यातल्याच एका जिन्यावर डॉक्टर सुरेखाचा दवाखाना आहे. पैठणकडच्या शेतकरी घरातली ही पोर, हाताला हलकी आणि जिभेला तिखट. बारा वर्षांत तिनं हजारो तोंडं पाहिली असतील, पण एका तोंडाचा साचा तिनं कपाटात जपून ठेवलाय. तो सोनाजीबाबांचा.

सोनाजीबाबा धनगर माणूस, साठीच्या पुढचे. मूळचे गंगापूरच्या अंगाचे, आता पुंडलिकनगरात मुलाकडे राहायला. मुलगा बिभीषण कंपनीत कामाला, सून ज्ञानेश्वरी घरी शिलाई करते. घर सगळं शहराचं झालं होतं, एकटे बाबा सोडून. घरामागच्या रिकाम्या प्लॉटावर त्यांनी बारा मेंढरं ठेवली होती आणि रोज सकाळी ती बायपासच्या पलीकडं चरायला न्यायचे. आता तो बायपास ज्यानं पायी ओलांडलाय, त्यालाच त्याची महती ठाऊक. धडधाकट माणूस तिथं पाय टाकताना देव आठवतो. बाबा बारा मेंढरं घेऊन ओलांडायचे, आणि काठी नुसती खांद्यावर.

सगळी जादू शिळेत होती. एक लांब शीळ, की मेंढरं रस्त्याच्या कडेला जागच्या जागी थबकायची. दोन आखूड, की पलीकडं. तोंडात बोट घालायचं कामच नव्हतं. वरच्या पुढच्या दोन दातांत बाबांना जन्मापासून फट होती, ती शीळ तिथूनच निघायची. ती ऐकून ट्रकवाले ब्रेक मारायचे असं लोक सांगतात. ते खरं धरू नका. पण मेंढरं थांबायची, एवढं अगदी खरं.

बाबा पहिल्यांदा दवाखान्यात आले ते हलणारी दाढ घेऊन. हिरड्या सुजलेल्या, तोंड कोरडं ठक्क. दर दोन वाक्यांना बाटलीतलं पाणी घोटभर प्यायचे. सुरेखानं नेहमीचा कागद भरायला घेतला.

"बाबा, शुगर?"

"नाय."

"बीपी?"

"नाय."

"कावीळ झाली होती कधी?"

"नाय."

सुरेखानं तीन फुल्या मारल्या आणि दाढ काढली. दाढ सुखासुखी निघाली, रक्त मात्र थांबायला तयार नाही. अकराला काढलेल्या दाढेची जखम दोन वाजले तरी वाहतच होती. कापसाचा बोळा झाला, टाके झाले, औषध झालं. सुरेखाच्या पाठीला घाम फुटला. तेव्हा कोपऱ्यात बसलेली ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली, "मामा, ते फकिराकडं गेलतो म्हणता, ते कशापायी व्हतं?"

बाबा बोळ्याआडून म्हणाले, "ती कावीळ व्हय? ती तर उतरवली की!"

सुरेखानं कपाळावर हात मारला. राग बाबांचा नव्हता, स्वतःचा होता. गावाकडं कावीळ बरी होत नाही, ती उतरते. जाणता माणूस झाडपाल्याची माळ डोक्यात घालतो. माळ दिवसागणिक लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली, आणि पायातून निघाली की कावीळ गेली. मग ती माळ नेऊन झाडाला बांधायची. ज्याला बांधली, त्याच्यावर कावीळ उतरली. आपल्याकडं ती राहिलीच नाही, तर झाली होती असं कसं म्हणायचं? सुरेखा लहान असताना तिचीही तिच्या आजीनं अशीच उतरवली होती, आणि तिनं तरी ती आजवर कुठल्या कागदावर लिहिली होती? बाबांनी आपल्या हिशेबानं खरंच सांगितलं होतं. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

संध्याकाळी रक्त थांबलं. चार दिवसांनी रक्ततपासणीचा कागद आला, हिपॅटायटिस सी. सुरेखानं सासरा-सुनेला समोर बसवून समजावलं. हा विषाणू काळजात, म्हणजे यकृतात, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. मग रक्त लवकर गोठत नाही, हिरड्यांतून येत राहतं, तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या तोंडात दात लवकर खराब होतात. तुमची जुनी कावीळ हीच होती की दुसरी, ते आता सांगता येणार नाही. वाडीवर कधी एकाच सुईनं सगळ्यांना इंजेक्शनं दिली होती का?

"लई येळा," बाबा म्हणाले. मग त्यांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. सुरेखाला वाटलं, म्हातारा हादरला.

"म्हंजी ती कावीळ माझ्या अंगातच राह्यली म्हणता?"

"असेल, बाबा."

"मंग ब्येस झालं," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान दिसलं. "आमच्या वाडीच्या लिंबाला बांधली व्हती माळ. त्यानं माझं दुखणं घेतलं म्हणून बावीस वर्सं दर उन्हाळ्यात येष्टीनं जाऊन दोन हंडे पाणी घालून येतोय. लिंब वाचलं म्हणायचं."

सुरेखा बघतच राहिली. समोरच्या माणसाला आत्ताच एवढा मोठा आजार सांगितला होता, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं ते एका झाडासाठी. तेवढ्यात बाबांनीच विचारलं, "आन् डाक्तरीणबाई, माझं रगात तुमाला लागलं नाय ना?"

पुढच्या खेपेला तर कमालच झाली. दवाखान्यात सात-आठ माणसं बसलेली. बाबा दारातच उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "माझ्या रगतात काळी कावीळ हाय. माझा लंबर शेवटी घ्या." द्वारकाबाई नावाच्या एका बाईनं पदर सावरून खुर्ची लांब ओढली. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, ते जिन्यात जाऊन बसायला निघाले. सुरेखानं बाहेर येऊन त्यांचा हात धरला आणि द्वारकाबाईंशेजारीच बसवलं. म्हणाली, "इथं हत्यारं प्रत्येकासाठी उकळून, वाफेवर शुद्ध करूनच येतात. बाबांनी सांगितलं म्हणून कळलं. जे सांगत नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा तीच काळजी घ्यावी लागते. आणि शेजारी बसून हा आजार होत नाही." द्वारकाबाईंनी खुर्ची परत आणली. फार नाही, वीतभर.

घाटीतल्या, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, रोजच्या रोज बारा आठवडे. बाबांची मिसरी घासायची सवय सुटली, मऊ ब्रश आला. हिरड्या निवत चालल्या. पण वरचे पुढचे दोन दात, तेच ते फटीचे, मुळातून सैल झाले होते. सुरेखानं साचा घेतला, तारेनं दात बांधून पाहिले, महिनाभर झुंजली. नाहीच टिकले. रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून, घाटीतून होकार आल्यावर तिनं ते काढले. या वेळी रक्त वेळेत थांबलं. शीळ मात्र गेली.

मेंढरं प्लॉटावरच अडकून पडली. ज्ञानेश्वरीनं एकदा न्यायचा प्रयत्न केला, ताट बडवलं, हाका मारल्या. त्यातलं एक कोकरू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहिलं, आणि ते वाचलं ही त्याचीच पुण्याई. बिभीषणनं मोबाइलवर बाबांची जुनी शीळ वाजवून पाहिली. मेंढरांनी कान हलवले आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. शेवटी तो म्हणाला, "आबा, दिवाळीपर्यंत बघू. नाय जमलं तर मेंढरं बाजारात न्यावी लागतील." दुसऱ्या दिवशी बाबा सुरेखाला म्हणाले, "बाई, चावायला दात नसले तरी चालंल, भाकर कुस्करून खाईन. मला तेवढी शीळ द्या."

असं काही पुस्तकात शिकवत नाहीत. दात बसवताना माणसाला बोलायला लावतात, हसायला लावतात. शिळेचं माप कोण घेतो? सुरेखानं मापं क्रांती चौकातल्या सुदर्शनकडे पाठवली. दात बनवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आठ दिवसांत दात आले, मोत्याच्या दाण्यासारखे, एकाला एक चिकटून. बाबांनी ते लावले, आरशात पाहिलं आणि फुंकलं. फुस्स.

सुरेखानं फोन लावला. सुदर्शन पलीकडून आनंदानं म्हणाला, "मॅडम, जुन्या साच्यात फट होती ना, मी बुजवून टाकली. म्हाताऱ्या माणसाला जरा बरं दिसावं!"

बिचाऱ्यानं उपकारच केला होता. दुसरे दात जुन्या साच्याबरहुकूम फटीसकट झाले. मग दुपारचा दवाखाना बंद ठेवून सुरेखा त्यांना केसभर घासायची, बाबा पाण्याचा घोट घेऊन फुंकायचे, परत केसभर घासायची. तिसऱ्या दुपारी खोलीत एक बारीक, कापरी शीळ उमटली. बाबा म्हणाले, "आता रस्त्यावरच बघू."

त्याच आठवड्यात गोळ्या संपून तीन महिने झाल्यावरचा तपासणीचा कागदही आला. रक्तात विषाणू नव्हता. सुरेखानं मुद्दाम बाबांच्याच शब्दात सांगितलं, "बाबा, उतरली."

बाबांचा चेहरा एकदम पडला. "कुनावर?"

"कुणावरच नाही, बाबा. मेली ती."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठं बाबा हसले, नव्या दातांतून, फटीसकट.

दिवाळीला चार दिवस होते. सुरेखा सकाळीच बायपासला गेली. तिनं स्कूटी पलीकडं लावली, कारण बाबा अलीकडून येणार होते. बाबा आले, पुढं बारा मेंढरं, मागं ज्ञानेश्वरी आणि सुट्टी टाकून आलेला बिभीषण. मेंढरं कित्येक महिन्यांनी मोकळी सुटलेली, चाऱ्याच्या वासानं रस्त्याकडं उधळली. डावीकडून दोन डंपर येत होते. सुरेखाला राहवलं नाही, मेंढरं अडवायला ती स्वतःच रस्त्याकडं धावली.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला आणि एक लांब शीळ घातली.

ती शीळ डंपरांच्या आवाजावरून आली. बाराच्या बारा मेंढरं कडेला थबकली. आणि सुरेखाही, एक पाय रस्त्यात आणि एक कडेला, जागच्या जागी थबकली. डंपर धुरळा उडवत निघून गेले. बिभीषण रस्त्याकडं नाही, बापाकडं पाहत होता.

रस्ता मोकळा झाला. दोन आखूड शिळा आल्या. मेंढरं रांगेनं पलीकडं आली, सुरेखाच्या दोन्ही अंगांनी गेली आणि चाऱ्याकडं वळली. आपली स्कूटी मागं रस्त्याच्या कडेलाच राहिली हे तिच्या लक्षातच आलं नाही. ती मेंढरांच्या मागोमाग चालू लागली होती.