प्रल्हादचे गरम हात

नेपरव्हिलमध्ये आमच्या समोर राहणाऱ्या प्रल्हाद गोतमारेचं थंडीशी उभं वैर. नागपूरच्या उन्हात वाढलेला हा माणूस बावीस वर्षं इलिनॉयमध्ये काढूनही प्रत्येक हिवाळा स्वतःचा अपमान समजायचा. ऑफिसला निघण्याआधी वीस मिनिटं गाडी गरम, बूट हीटरच्या जाळीवर, पोळ्या फॉइलमध्ये आणि फॉइल टॉवेलमध्ये. अशा बापाच्या मुलीनं नेमका बर्फावरचा खेळ निवडला, तेव्हा मला तरी हसू आवरलं नाही.

केया पंधराची. तिचा खेळ ल्यूज. छोट्या स्लेडवर उताणं पडायचं, पाय पुढे, आणि बर्फाच्या वळणदार पन्हळीतून खाली सुटायचं. ब्रेक नाही. वळायचं ते पोटऱ्यांनी आणि खांद्यांनी दाब देऊन. पुढचं बघायला डोकं उचललं की वेग गेला, आणि वेळ तर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. प्रल्हादला यातलं फारसं कळत नसे. शनिवारी मिशिगन सरोवराला वळसा घालून ट्रॅकपर्यंत साडेतीन तास ड्राइव्ह करायचं आणि केयासोबत स्लेड उचलायची, एवढं काम त्याचं. ते तो जीव ओतून करायचा.

मागच्या जानेवारीत ज्युनिअर संघाच्या निवडीची शर्यत होती. मीही सोबत गेलो होतो. केया वॉर्मअपला गेली. बाहेर उणे चौदा. बर्फात पडलेली स्लेड पाहून प्रल्हादला राहवेना. त्यानं ती गाडीत घेतली, हीटर फुल केला आणि रजईत गुंडाळून मांडीवर ठेवली.

"पोरीनं थंडगार लोखंडावर झोपायचं का, यार?" तो म्हणाला. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हे कबूल करतो.

स्टार्टला पंचांनी स्लेडच्या खालच्या पोलादी पात्यांचं तापमान मोजलं. गरम पातं बर्फावर जास्त सरकतं, म्हणून ते मर्यादेपेक्षा गरम निघालं की खेळाडू बाद. केया बाद झाली. चूक होती की लबाडी, हा प्रश्नच नाही. स्लेड कोणाकडे होती, एवढंच त्यांनी विचारलं. प्रल्हादनं तोंड उघडायच्या आत केया म्हणाली, "इट वॉज विथ मी."

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "बाबा, इट्स ओके." ओके काही नव्हतं. मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं.

त्यानंतर प्रल्हादनं ड्राइव्ह केलं, पण स्लेडला हात लावला नाही. केया एकटीच ती ओढत न्यायची, हा दहा पावलं मागे. पुन्हा उचलावीशी वाटायची त्याला. धीर होत नव्हता.

या जानेवारीत पुन्हा तीच शर्यत. प्रल्हाद गाडीत बसलाच नाही. स्लेडशेजारी बर्फात उभा राहिला, तोही हातमोजे काढून. मी कॉफी नेली, तर कप धरायलाही तयार नाही. माणूस खुळावला, असं मला वाटलं.

केया आली. "बाबा, हेल्प मी कॅरी इट."

"नको बेटा. माझे हात गरम असतात."

तिनं हेल्मेट काखेत मारलं आणि त्याचे दोन्ही हात धरले. "दे आर फ्रीझिंग, बाबा!"

"खरंच?" त्यानं विचारलं. मग वाकून स्लेडचं मागचं टोक उचललं.