सुनेनं मामलेदारांना अंघोळ घातली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून चौतीस वर्षं काढली आणि त्या कमाईवर पोराला इंजिनियर केलं. तो इथं अमेरिकेत, ट्रॉय गावात, मोटारीच्या कंपनीत लागला. बायको गेल्यावर त्यानं मला इकडं आणलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणाच्या उपकारात राहत होतो असं कुणाला वाटायला नको.

भारतात फोन लावायचा तर ऑपरेटरला सांगून ताटकळत बसायला लागायचं, त्या दिवसांतली गोष्ट. इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दुपारी जेवणं चालली होती. तिथं एक निवृत्त मामलेदार यायचे, मुलाकडं राहणारे. खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होते, ते पहिल्यांदाच चालायची चौकट धरून आले होते. सरळ माझ्याकडं आले आणि दहा-बारा माणसांत मोठ्यानं म्हणाले,

"तुमच्या सूनबाईंचे फार उपकार झाले हो. आठ दिवस मला अंघोळ त्यांनीच घातली. पोटची पोरगी करणार नाही!"

माझ्या हातातली कागदाची ताटली वाकडी झाली आणि वरण धोतरावर सांडलं.

"काका, सूनबाई नर्स होतायत, बोलला नाहीत कधी?" शेजारच्यानं विचारलं.

"त्यात बोलायचं काय," मी म्हणालो. जसं काही मला सगळं ठाऊक होतं.

मला काहीही ठाऊक नव्हतं. सून कॉलेजात जाते एवढं पोरानं सांगितलं होतं. मी ते चार लोकांत ऐटीत सांगत होतो. काय शिकते हे विचारायचं मला सुचलं नाही. चौथी पास माणसानं विचारून करायचं काय?

गाडीत बसल्यावर पोराला विचारलं, "ही काय करते तिथं?"

"नर्सिंग, आबा. दुसरं वर्ष आहे. शेवटचं."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

सून मागच्या सीटवर माझ्या नातीला घेऊन बसली होती. डोक्यावर पदर.

मला एवढा धक्का का बसला ते इथल्या लोकांना कळायचं नाही. आमच्या घरात सून सासऱ्याला शिवत नाही. चार वर्षं मी त्या घरात होतो. नमस्कार करायची तो जमिनीला हात लावून, पायाला नाही. चहाचा कप टेबलावर ठेवून मागं सरायची, मग मी उचलायचा. बोलायचं झालं तर पोराला मध्ये घालून. आणि तोच हात मामलेदाराच्या अंगाला साबण लावतो! त्या दिवशी मी हॉलमधल्या एकाच्याही तोंडाकडं परत बघितलं नाही.

आता तिची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. नात तेव्हा आठ वर्षांची. तिला दमा. मी यायच्या आधी एकदा पोर अकरा दिवस दवाखान्यात होती आणि ही अकरा दिवस खुर्चीवर बसून. तिथल्या एका वयस्कर नर्सनं हिला पोरीचे श्वास मोजायला शिकवलं. तेव्हा डोक्यात बसलं ते बसलं. छत्तिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं. पोरीचा डबा, वेणी, शाळा यातलं काही सुटू दिलं नाही. कुकर होईपर्यंत ओट्याशी उभी राहून वाचायची. हे मी रोज बघत होतो. बघून कौतुकही वाटायचं, पण बोलायचं कसं?

घरी आल्यावर मी पोराला म्हणालो, तिला ऐकू जाईल असं, "उद्यापासून तीन वाजता पोरीला मी बघणार नाही."

माझ्या हातात तेवढंच होतं. शाळेची बस तीनला यायची. पोरगा सहानंतर. तिची दवाखान्यातली ड्यूटी संध्याकाळपर्यंत. घरात मोठं माणूस नसेल तर दम्याच्या पोरीला सोडून ती जाणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

सोमवारपासून ती घरी राहिली. शुक्रवारपर्यंत गेली नाही तर वर्ष वाया, असं पोरगा म्हणाला. मी म्हणालो, जाऊ दे. तिच्या हातचं खायचं नाही हेही मी ठरवलं होतं, पण तसं तोंडानं बोलायचं नाही. सोमवारी म्हणालो, महादेवाचा उपास आहे. मंगळवारी गणपतीचा. तिनं साबुदाण्याची खिचडी केली, तर कडक उपास आहे म्हणून तीही परत पाठवली. दूध आणि केळी मी माझी घ्यायचा. बुधवारी पांडुरंगाचा. नात माझ्याकडं बघत म्हणाली, "आबा, हाऊ मेनी गॉड्स आर लेफ्ट?" पोरगा हसला. सून हसली नाही.

शुगरची गोळी मात्र रोज वेळेवर घेत होतो. औषधानं उपास मोडत नाही. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

गुरुवारी केळीही संपली होती आणि मागायची नव्हती. अकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो तर हात कापायला लागले. अंगाला दरदरून घाम. मला वाटलं रागानंच होतंय. मग ओटा वर गेला आणि मी खाली.

पुढचं कळलं ते असं की माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर आहे आणि कुणीतरी गालावर थापट्या मारतंय.

"आबा! डोळे उघडा. वार कोणता आज?"

"दत्ताचा."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"आणि खाल्लं काय?"

मी तोंड दुसरीकडं वळवलं.

"गिळून दाखवा. थुंकी गिळा. हां, आता हे घ्या. हळू."

संत्र्याचा रस होता, त्यात साखर घातलेली. तिचा पदर जमिनीवर पडला होता आणि त्याच पदरानं ती माझं तोंड पुसत होती.

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

"गप्प बसा."

डेपो मॅनेजर मला कधी असं बोलला नाही. माझी बायको बोलली नाही. मी तोंड उघडलं ते उलट बोलायला, तर तिनं त्यात आणखी रस ओतला.

पंधरा-वीस मिनिटांनी डोकं जाग्यावर आलं आणि मग खरा धक्का बसला. धोतर ओलं झालं होतं. पाण्यानं नव्हे. आता हे लिहितानाही माझी मान खाली जाते. मला वाटलं, जमीन दुभंगावी. तिनं एक चादर आणून माझ्यावर घातली आणि सगळं त्या चादरीखाली केलं. ओलं काढलं, कोमट पाण्याचं फडकं फिरवलं, कोरडं धोतर गुंडाळलं. एका जागेपुरतीच चादर उचलायची, ती झाकली की मग दुसरी. नजर सगळा वेळ समोरच्या भिंतीवर. माझं अंग मलासुद्धा दिसलं नाही, तर तिला कुठून दिसणार?

मी पडल्या पडल्या विचारलं. थेट तिलाच विचारलं, पोरगा मध्ये नव्हता.

"मामलेदारांना असंच...?"

"असंच. ते तर पहिले दोन दिवस पाणी लावू देत नव्हते. म्हणाले, मी सरकारी अधिकारी आहे."

"मग?"

"म्हटलं, असाल. पाय पुढं करा."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तिनं मला धरून खुर्चीवर बसवलं. मग टेबलावरचा एक इंग्रजी कागद उचलून म्हणाली, "उद्या हा भरून देते. कॉलेजातून नाव काढून टाकते."

"आता का? मी बघतो पोरीला."

"तुम्हालाच आता एकटं ठेवता येत नाही, आबा. मी घरात होते म्हणून निभावलं. दवाखान्यात असते आणि तीनला पोरगी घरात शिरली असती तर तिला काय दिसलं असतं?"

मी हट्ट केला तो तिला अडवायला, आणि आता माघार घ्यायची म्हटली तरी त्याच हट्टानं ती अडकली होती. आयुष्यात कुणापुढं मान झुकवली नाही, त्याची सवयच नाही.

"मी वेळेवर खाईन," शेवटी म्हणालो.

"कुणाच्या हातचं?"

बघा, कसं विचारलं. चार वर्षं जी मान वर करत नव्हती, ती.

"तुझ्या."

तिनं ताट वाढलं. वरणभात, वांग्याची भाजी, दोन पोळ्या. आणि मागं सरली नाही. समोरची खुर्ची ओढली, स्वतःचंही वाढून घेतलं आणि माझ्यासमोर जेवायला बसली. माझा घास हातातच राहिला. भाजीत मीठ कमी होतं, पण ते म्हणालो नाही.

जेवण झाल्यावर तो कागद तिनं चुंबकानं फ्रिजवर लावला. "हा इथंच राहील. तुम्ही गोळी घेऊन एक जेवण चुकवलं की मी भरलाच."

शुक्रवारी ती गेली. तीन वाजता मी बसपाशी उभा होतो. तीन दहाला दवाखान्यातून फोन, आधी पोरीबद्दल विचारलं, मग माझ्या जेवणाबद्दल. रोज तसाच फोन यायचा. पुढच्या उन्हाळ्यात ती परीक्षा पास झाली. नर्स झाली.

मधे महाशिवरात्र येऊन गेली. सकाळी मी नुसता कॅलेंडरसमोर उभा राहिलो होतो, तर ती ओट्यापाशी उभी राहून फ्रिजकडं बघायला लागली. मी पाटावर... म्हणजे खुर्चीवर बसलो आणि पोळी मागून घेतली.