वानखेड्यांच्या लॅपटॉपची मेमरी

"वानखेड्यांना ठेवायचं की नाही, ते शुक्रवारच्या डेमोनंतर ठरवू," साठे साहेब म्हणाले आणि समोरचा कागद त्यांनी फाईलमध्ये सरकवला. मला तो उलटा दिसत होता, तरी वाचता आला. 'कामात संथ.'

मी तेव्हा येरवड्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन होते. वाय-टू-केचं, म्हणजे संगणकांतल्या सन दोन हजारच्या तारखा दुरुस्त करायचं काम संपलं होतं आणि जो तो नव्या क्लायंटच्या शोधात होता. आम्ही कारखान्यांच्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायचो. वानखेडे यवतमाळकडचे. क्लायंटकडे लॅपटॉप घेऊन जायचं आणि आमचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं, हे त्यांचं काम. अजून प्रोबेशनवर होते. विश्रांतवाडीत खोली घेऊन एकटेच राहायचे. पर्मनंट झाले की बायको आणि मुलीला आणणार होते. मुलीच्या शाळेचा फॉर्मसुद्धा आणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

मी केबिनबाहेर आले तर ते दारातच उभे. काय चाललंय ते त्यांना कळलं होतं.

"मॅडम, मी हळू नाही जी. मशीनच हळू चालून राह्यलं."

"मशीन मी मोजून दिलंय," मी म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात आलं. तोंडावर आलं नाही, एवढीच माझी सभ्यता.

मोजलं होतं हे खरं. लॅपटॉपची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे आतल्या खोलीतलं कपाट. ओट्यावर जागा आहे तोवर काम भराभर होतं. ओटा भरला की एक डबा आत नेऊन ठेवा, दुसरा बाहेर आणा, अशा खेपा सुरू होतात. लॅपटॉपही तेच करतो, आणि तोवर पडद्यावर वाळूचं घड्याळ दिसत राहतं. मी नव्याकोऱ्या लॅपटॉपवर फक्त आमचं सॉफ्टवेअर चालवलं होतं, त्यात पन्नास खोट्या वस्तू भरून. नव्वद एमबी लागले. लॅपटॉपमध्ये मुळातच एकशे अठ्ठावीस होते. 'पुरेसे' असं लिहून मी सही केली होती. फॉर्मवर खाली 'वापरणाऱ्याची सही' असाही एक चौकोन असायचा. तीही मीच ठोकून द्यायचे, सगळ्यांच्या वतीने. माणसं कुठे शोधत हिंडायची?

पण तो 'संथ' शब्द काही डोक्यातून जाईना. दुपारी डबा खाल्ला आणि वानखेड्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, क्लायंटसमोर करता तसंच करा, मी मध्ये बोलणार नाही.

त्यांनी आधी मेल उघडला, कारण क्लायंट ऐनवेळी फाईल पाठवतात. मग प्रेझेंटेशन. अँटिव्हायरस चालूच होता. तो मीच सक्तीचा केला होता. मग आमचं सॉफ्टवेअर आणि शेजारी क्लायंटची स्वतःची मालाची यादी, हजारो ओळींची. पन्नास खोट्या वस्तूंवर कुठलाच क्लायंट समाधान मानत नाही, आमचाच माल दाखवा म्हणतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

वाळूचं घड्याळ आलं ते हलेना.

"इथं मी त्यांना गोदामाबद्दल विचारतो," वानखेडे शांतपणे म्हणाले. "पुढच्या वेळी थांबलं की पाणी मागतो."

माणसाने थांबण्याच्या जागा पाठ करून ठेवल्या होत्या. मला लाज वाटली. मोजलं तर दोनशे तीस एमबी लागत होते.

संध्याकाळी मी साहेबांकडे गेले. लॅपटॉपमध्ये मेमरीसाठी एकच रिकामी खाच होती. तिथे दोनशे छप्पन्नची पट्टी बसवू, म्हणजे एकूण तीनशे चौऱ्याऐंशी होतील, असं सांगितलं.

"लागतात दोनशे तीस. एकशे अठ्ठावीसची पट्टी घातली की दोनशे छप्पन्न होतात," साहेब म्हणाले. "उरलेल्या जागेत मांडव घालायचाय का?"

मी म्हटलं, क्लायंटची यादी दर महिन्याला वाढते. आणि खाच एकच आहे. उद्या कमी पडलं तर आजची पट्टी काढून टाकावी लागेल. साहेबांना पटेना. मीही उठेना. शेवटी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

"डेमो आपण द्या. मी क्लायंट बनते."

ते बसले. मी दोन वर्षांची यादी मागितली. घड्याळ आलं. साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली, चष्मा पुसला. मग बेल दाबून म्हणाले, "पाणी आणा जरा."

"या जागेला वानखेडेही पाणीच मागतात," मी म्हणाले. मग एका दमात सांगून टाकलं की चूक माझी आहे, आणि फॉर्मवर वानखेड्यांची म्हणून जी सही आहे तीही माझीच आहे.

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "पट्टी बसवा," एवढंच म्हणाले. माझी चूक त्यांनी पुढे महिनाभर टोमण्यांतून वसूल केली.

गुरुवारी मी लॅपटॉपची मागची झाकणी उघडली, पट्टी तिरकी घालून खट्कन दाबली आणि दिवसभर सगळं एकदम उघडून चालवलं. शुक्रवारी क्लायंटने दोन वर्षांची यादी मागितली, ती सरसर आली. वानखेड्यांना पाणी मागायची वेळच आली नाही. काम आम्हाला मिळालं.

सोमवारी साहेबांनी तो कागद मला दाखवला. खाडाखोड करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 'कामात संथ' तसंच होतं. त्याच्या आधी फक्त 'लॅपटॉप' असा एक शब्द वाढवला होता. खाली पर्मनंट करण्याची शिफारस.

मेमरी किती हवी हे मशीनला विचारून कळत नाही, ते वापरणाऱ्याशेजारी बसून बघावं लागतं. त्यानंतर तो सहीचा चौकोन मी कुणासाठीही भरला नाही. नवा फॉर्म घेऊन आधी वानखेड्यांकडेच गेले. त्यांनी तो पुढून वाचला, मागून वाचला, तीन शंका विचारल्या आणि मग पेनाचं टोपण काढलं. सही करायला मात्र माणूस खरोखरच संथ होता. ती होईपर्यंत मी शेजारी उभी राहिले.