टोळबाईंचे दोन डबे

टोळबाई कितीही गंभीर बोलत असल्या तरी भरवसा नसे. कुणाच्या आजारपणाचं बोलताना वाक्य अर्धवट सोडून त्या बांधावर झेप घ्यायच्या, मुठीत धरलेल्या टोळाकडे डोकावून बघायच्या आणि म्हणायच्या, "नर हाय. हं, मग डॉक्टर काय म्हणाला?" नव्वदच्या दशकात आम्ही कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो. बाई कसबा बावड्याच्या; आवाज उसाच्या फडात कमावलेला.

टोळाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन, रंग घालून वरून अंगठ्यानं दाबल्या की गुणसूत्रं पसरतात आणि मोजता येतात. हा दाब बाईंइतका कुणालाच साधला नाही. मुलांना म्हणायच्या, "भाकरी थापायलायस व्हय? कुंकू लावल्यागत दाब की."

त्यांचा हट्ट एकच होता. शाहूवाडीच्या डोंगरातला टोळ आणि गडमुडशिंगीच्या शिवारातला टोळ दिसायला एक, पण जाती दोन. एकाच्या गुणसूत्रांच्या एका जोडीला मधोमध कंबर, दुसऱ्याची तीच जोडी सरळ काडी. विभागप्रमुख मानत नसत. "टोळ कुठल्या डब्यातला ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तुम्हाला फरक दिसतो," म्हणायचे आणि बाईंच्या शोधनिबंधावर सही करायचे नाहीत. बाईंचं कित्येक पावसाळ्यांचं काम त्या सहीपाशी अडलं होतं.

बाई टोळ जेवणाच्या जुन्या डब्यांत ठेवत, झाकणाला भोकं पाडून; दोन ठिकाणचे दोन डबे. एका दुपारी झुणक्याच्या आशेनं मी दोन्ही डबे उघडले. प्रयोगशाळाभर टोळ झाले. टेबलाखाली रांगत सगळे धरले, हाताला येतील तसे डब्यांत कोंबले आणि गप्प बसलो.

काही दिवसांनी बाई काचपट्ट्या घेऊन प्रमुखांपुढे उभ्या. "शाहूवाडीच्या डब्यात गडमुडशिंगीचं पावणं कसं? आणि त्या डब्यात हिकडचं. कुणीतरी टोळ कालवल्यात."

प्रमुखांनी तिथंच बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी म्हणालो. "मुद्दाम. बाईंची परीक्षा घ्यावी म्हटलं."

प्रमुख थक्क झाले. डब्यावर विसंबून न राहता, नुसत्या गुणसूत्रांवरून बाईंनी घोळ पकडला होता. फरक नाकारायला जागा उरली नाही. त्यांनी सही केली, वर ही परीक्षा निबंधात लिहून माझंही नाव घालायला लावलं.

जिन्यात बाईंनी मला गाठलं. "सर, झुणका शोधत होता न्हवं?"

"हो."

"मग आता मी हाय तवर गप बसा. भुकेपायी झालं म्हटलं तर निबंध माघारी येतोय." चार पायऱ्या उतरून वळल्या. "झुणका कपाटात असतोय."

पुढे 'सरांची परीक्षा' म्हणून ती गोष्ट गाजली. त्याबद्दल मला शालही मिळाली. बाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. ती शाल मी कधी अंगावर घेऊ शकलो नाही.

मागल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभेत मी उठून सगळं खरं सांगितलं: भूक, झुणका, टेबलाखालचं रांगणं. लोक आधी हसले, मग गहिवरले. बाईंचा एक विद्यार्थी पाया पडून म्हणाला, "सर, बाईंसाठी असली गोष्ट रचून स्वतःकडं एवढा कमीपणा घ्यायला मन मोठं लागतंय."

म्हणून हे छापायला देतो आहे. छापलेलं लोक खरं मानतात, असा माझा अनुभव आहे.