उरल्यासुरल्या रंगांचं दुकान

बारकी दुकान सोडून गेली तेव्हा भांडण झालं नाही, हीच गोष्ट दादाला खटकली. अकरा वर्षं ती त्याच्या रंगाच्या दुकानात शेड बनवायच्या मशीनवर उभी होती. सख्खी धाकटी बहीण, पगार वेळेवर, दुपारचं जेवण त्याच्याच घरचं. एका शनिवारी तिने एप्रनची घडी काउंटरवर ठेवली आणि सोमवारपासून येणार नाही म्हणाली. का, तर म्हणे, "काही नाही रे, पुरे झालं."

"काही नाही" म्हणणारं माणूस काहीतरी लपवतंच, असा दादाचा आयुष्यभराचा अनुभव.

दोन महिन्यांनी एका पेंटरने बातमी आणली. बारकी घरोघरी फिरून उरलेला रंग मागत होती. माळ्यावर, जिन्याखाली वर्षानुवर्षं पडलेले अर्धेमुर्धे डबे. तिने एक गॅरेज भाड्याने घेतलं होतं. तिथे डबे उघडून वास घ्यायची, नासलेले बाजूला काढायची, चांगले जुन्या सुती कापडातून गाळायची आणि एकमेकांत मिसळून नवे शेड करून निम्म्या किमतीत विकायची.

दादा बायकोला म्हणाला, पाणी कुठंतरी मुरतंय. आपली गिऱ्हाइकं फोडायचा डाव दिसतो, मागून तिच्या नवऱ्याची फूस असणार. बायको म्हणाली, त्यांना निळा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, ते कसली फूस देणार.

त्याने त्याच पेंटरला गिऱ्हाईक बनवून पाठवलं. तो दोन डबे घेऊन आला आणि रंग बरा आहे म्हणाला. हे ऐकून दादाची झोपच उडाली.

मग पेपरात बारकीचा फोटो आला. खाली छापलं होतं, नदीत रंग जाऊ नये म्हणून एका महिलेची धडपड. दादाने ते तीनदा वाचलं. जिने घरातल्या कुंडीला कधी पाणी घातलं नाही, तिला नदीचा पुळका? गॅरेजच्या मालकाला तर तिने सांगितलं होतं की स्वस्त रंगाला मागणी आहे. कर्ज मागताना बँकेत आणखी तिसरंच. तीन ठिकाणी तीन कारणं, म्हणजे खरं कारण चौथं.

त्या चौथ्याने त्याला पोखरायला घेतलं, कारण दुकानामागे नदीला जाणारं गटार होतं. चुकीचा शेड झालेला डबा कोणी घेत नाही, तो मागे ओतून टाकायचा, हा दुकानाचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेचा माणूस येऊन त्या गटाराचं झाकण उघडून बघून गेला. आता शंकेला जागाच उरली नाही. दादा तसाच गॅरेजवर गेला.

बारकी कोपरापर्यंत करड्या रंगात माखली होती.

"माझं नाव तूच दिलंस ना?"

ती ढवळायची थांबली नाही. तो माणूस तिच्याकडेही येऊन गेला होता, रस्त्यावरच्या सगळ्याच दुकानांची गटारं बघत होता, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आणि नाव द्यायचं तर माझंच द्यावं लागेल, दादा. ओतत मी होते."

 जे विचारायला दादा आला नव्हता, तेच तोंडातून निघालं. "मग हे सगळं कशासाठी? खरं सांग."

बारकीने काठी खाली ठेवली. दुकानातल्या शेवटच्या शुक्रवारी तिने एक पिवळा डबा ओतला होता. गिऱ्हाइकाला नको होता, पण रंग फार सुंदर जमला होता. "ओतताना मला काहीच वाटलं नाही. घरी गेल्यावर त्याचीच भीती वाटली." फडक्याला हात पुसत म्हणाली, "पेपरवाल्यांना सांगितलं ते खरं, मालकाला सांगितलं तेही खरं. तुझ्या हाताखाली राहायचं नव्हतं, हेही खरं. कुणाचं एकच कारण असतं का?"

दादाने घरी येऊन बायकोला सांगितलं की त्यातलं निम्मं खोटं आहे. कोणतं निम्मं, ते त्याला सांगता आलं नाही. पण त्या आठवड्यात चुकलेले डबे मागे ओतले गेले नाहीत. बायकोने ते टेम्पोत घालून गॅरेजवर पाठवले. दादाने बघितलं आणि एवढंच बजावलं, की आपल्या दुकानाची लेबलं खरवडून काढायला सांग.

याला चार वर्षं झाली. बारकीकडे दोन बायका कामाला आहेत. दादाची गिऱ्हाइकं काही फुटली नाहीत. तरी महिन्यातून एकदा चुकलेले डबे द्यायला तो स्वतः जातो. फळीवरच्या किमती वाचतो, एखादं झाकण उघडून रंग बोटावर घासून बघतो. बारकीला ते कळतं. ती स्टूल पुढे सरकवते.