मुद्देमाल जमादार

आमच्या जमादारांनी एकदा अंड्याला लाखेचं सील लावलं होतं. हसू नका, मेणबत्ती मीच धरली होती. चोरीची कोंबडी ठाण्यात जमा होती, तिनं कोपऱ्यात अंडं घातलं. आम्ही शिपाई तव्याच्या गोष्टी करू लागलो, तर जमादार धावत आले. "कोंबडी मुद्देमाल हाये, मंग अंडं कोनाचं? तुमच्या बापाचं?" अंडं सुतळीत बांधलं, चिठ्ठी लावली, हलक्या हातानं लाख टेकवली. कोर्टाची तारीख येईपर्यंत आम्ही नाक धरून ड्यूटी केली. तेव्हापासून गाव त्यांना मुद्देमाल जमादार म्हणू लागला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि पोलिसांचं वायरलेस यंत्र जमादारांनी अकोल्यालाच पाहिलं. परत आले ते खुळावूनच. "मानूस अकोल्यात बोलते अन् नागपुरात आयकू येते, मधात तार नाई!" हे आम्हाला सांगून झालं, बायकोला सांगून झालं, मग कोठडीतल्या चोरालाही सांगितलं. त्यांना वायरलेस विभागातच जायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. अर्ज केला. त्यावर हवी होती फक्त आमच्या फौजदारसाहेबांची शिफारस.

साहेब क्रिकेटवेडे, आणि मी त्यांच्यापेक्षा वेडा. कसोटी सामना सुरू झाला आणि साहेबांच्या रेडिओनं नेमकी मान टाकली. मुद्देमालाच्या खोलीत मात्र कोरा ट्रान्झिस्टर पडून होता, शिरपूरच्या एका जैन सेठचा. चोर इतका शहाणा की मेडशीच्या बसस्टँडवर तो मोठ्यानं लावून गाणी ऐकत बसला होता, तिथंच सापडला.

"जमादार, तो ट्रान्झिस्टर आणा. स्कोअर ऐकू," साहेब म्हणाले.

"साहेब, थो साक्षीदार हाये. साक्षीदार कोर्टात बोलते, ठान्यात नाई."

"तुमचा वायरलेसचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे. लक्षात आहे ना?"

"हाव जी, हाये."

जमादार आत गेले. आला बुवा शुद्धीवर, म्हणून आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या. ते बाहेर आले ते हात पुसत. ट्रान्झिस्टरच्या बटणालाही लाख लावून आले होते! मग हळूच म्हणाले, "साहेब, तुमचाच रेडिओ द्या. मी पाहून देतो."

जन्मात कधी रेडिओचा स्क्रू न फिरवलेला माणूस! सामना संपेपर्यंत साहेबांचा रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. सामना संपला त्याच दिवशी त्याला वाचा फुटली आणि त्यानं कापसाचे भाव सांगितले. साहेबांनी सगळ्यांदेखत अर्ज फाडला. मला वाटलं, आता जमादार रडतील. ते रेडिओला कान लावून बसलेले. "आवाज तर आला ना बे!"

वायरलेस राहिलं ते राहिलंच. रेडिओचा नाद मात्र लागला, आणि निवृत्त झाल्यावर शेलूबाजारला त्यांनी दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझा बिघडलेला रेडिओ मी त्यांच्याचकडे टाकला. आणायला गेलो त्या दिवशीही सामना होता. फळीवर दुरुस्त झालेले रेडिओ ओळीनं गप्प, आणि म्हातारा रस्त्यापलीकडे पानठेल्यासमोर भर उन्हात उभं राहून कॉमेंट्री ऐकतोय! माझं डोकंच सटकलं.

"अहो जमादार, दुकानात एवढे रेडिओ आहेत की!"

"लोकायचे हायेत. दुरुस्त झाला का नाई तेवढं पाहातो अन् बंद करतो. त्यायचे सेल कायले जाळू?"

"मग स्वतःचा एक घ्या."

"होता ना. एका मास्तरचा माह्या हातून जळला, त्याले देऊन टाकला."

या माणसाचा मला आयुष्यभर राग आला, आणि आयुष्यभर त्याच्याइतकं कुणी आवडलंही नाही. मी मजुरी दिली, माझा रेडिओ तिथंच काउंटरवर ठेवला आणि लावला. "हा माझा आहे. सेलही माझेच. आता बसा मुकाट्यानं."

जमादारांनी रेडिओकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल झटकून बसले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं एकच डोळा उघडला.

"यष्टी चुकन ना रे."

"चुकू द्या."

समोरून वाशीमची एसटी गेली. मी हात केला नाही.