साडूभाऊंनी जनरेटर पारखला

आमच्या साडूभाऊंएवढं चिकित्सक गिऱ्हाईक धाराशिव जिल्ह्यातल्या एकाही दुकानदाराने पाहिलं नसेल, आणि ज्यांनी पाहिलं ते आता त्याविषयी बोलत नाहीत. राहायला सास्तूरला, शेती बऱ्यापैकी. चप्पल घ्यायची तरी ती पायात घालून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतील आणि दुकानदार दारात उभा राहून डोळ्यांत तेल घालून बघत बसेल. टरबूज कानाशी धरून इतका वेळ वाजवतील की मागचं गिऱ्हाईक कंटाळून पपई घेऊन जाईल. अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं ट्रॅकवर मोटारसायकल पळवायचा नाद धरला. साडूभाऊंना मोटारसायकलवर मागे बसायचीसुद्धा धास्ती. पण लेकीला नाही म्हणायला त्यांची जीभ आजवर उचललेली नाही. थंड टायर वळणावर घसरतो, असं ती एकदा बोलता बोलता म्हणाली, आणि त्यांची सगळी भीती त्या दोन टायरांवर येऊन बसली. टायरला गुंडाळायची विजेची गरम पांघरुणं आणि ती चालवायला जनरेटर, हे खातं त्यांनी त्याच दिवशी स्वतःकडे घेतलं.

पहिल्या खेपेला त्यांनी गावातल्या मंडपवाल्याचा जनरेटर नेला. अख्खं लग्न उजळतं तिथं दोन टायर काय, हा त्यांचा हिशेब. टेम्पोतून उतरवलेल्या त्या धुडाच्या अंगावर झेंडूची वाळकी माळ तशीच होती. ते सुरू झालं आणि असा धूर, असा दणदणाट झाला की ट्रॅकवाल्यांनी हात जोडले. वीजही कमी-जास्त होत राहिली आणि पांघरुणं बंद पडली. लेक थंड टायरांवरच गेली. आली सुखरूप, पण साडूभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

मग ते मला बरोबर घेऊन धाराशिवची दुकानं पालथी घालू लागले. जनरेटर त्यांनी बाजारात बैल बघावा तसा बघितला. आधी चारी बाजूंनी फेरी, मग पाठीवर हात, मग उचलून बघणं, कारण ट्रॅकवर तो त्यांना आणि माझ्या मेहुणीलाच उचलायचा होता. रात्रभर बंद असलेलाच सुरू करून दाखवायचा, ही अट. "गरम मशीन कुणाचंबी चालू व्हतंय," असं ते दुकानदाराला ऐकवीत. मग घरून आणलेली पांघरुणं जोडून, ओझं पडल्यावर त्याचा दम लागतो का ते बघत आणि शेवटी पाठमोरे उभे राहून ऐकत. एकानं विचारलं, काका, किती वॅटचा पाहिजे?

"ते पाव्हणं सांगतील," माझ्याकडं बोट दाखवून साडूभाऊ म्हणाले. "मला ह्याच्याजवळ उभं ऱ्हाऊन लांबची गाडी ऐकू याय पायजे."

कारण लेक वळणाआड गेली की ते तिच्या गाडीचा आवाज धरून बसतात. तो फिरतोय तोवर लेक बरी आहे. दुकानदार मात्र मला बाजूला घेऊन विचारी, ह्यांना खरंच घ्यायचाय का? अखेर पेटीएवढा, हलक्या आवाजाचा एक पसंत पडला. नव्या जनावराच्या पायावर घालतात तसं मेहुणी त्याच्यावर पाणी घालायला निघाली, तेव्हा साडूभाऊंनी ते लांबूनच शिंपडायला लावलं.

परवा मीही ट्रॅकवर गेलो होतो. टायर तापले, साडूभाऊंनी तळहातानं चाचपून पाहिले आणि लेकीला सोडलं. आवाज जात होता, येत होता. एका फेरीला तो आलाच नाही. साडूभाऊ उठून उभे राहिले. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघण्याची माझी छाती झाली नाही. थोड्या वेळानं लेक गाडी ढकलत आली, खांद्याला माती, चेहऱ्यावर हसू. गवतात घसरली होती, लागलं काहीच नव्हतं. ट्रॅकवाल्यांनी दोघींना, तिला आणि गाडीला, नीट तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं. तिनं बापाकडं बघितलं.

"अप्पा, परत जाऊ?"

आज तरी हा माणूस नाही म्हणेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. साडूभाऊ खाली बसले आणि टायरला पांघरूण गुंडाळू लागले. टोक टोकाला लागेना, म्हणून मी एक बाजू धरली.

"गरम हू दे आदी," ते म्हणाले. "मग जा."

आणि जनरेटर सुरू करायला ते जे पाठमोरे झाले, ते तो सुरू झाल्यावरही बराच वेळ आमच्याकडं वळले नाहीत.